झाकण, शिट्टी आणि शेपूट

चार स्क्रू काढले, तळाचा पत्रा उचलला आणि आतून गुलाल सांडला. मूठभर तरी असेल. कोरडा, गुलाबी, अजून तसाच डोळ्यांत भरणारा. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला असणार, दुसरा कुठला? आबांच्या सिंथेसायझरच्या पोटात तो चाळीसेक वर्षं बसून राहिला होता आणि आता गडमुडशिंगीला माझ्या माहेरच्या मागच्या खोलीत, भर दुपारी, माझ्या मांडीवर उतरला. आधी शिंक आली. मग रडू आलं. मग माझा मलाच राग आला, कारण मी काही रडायला आले नव्हते. मी ते यंत्र पुसायला आले होते.

आठवड्यापूर्वी संभाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला होता. "अक्का, पुण्याचं एक पावणं हाईत. जुनी वाद्यं गोळा करत्यात. आबांचा सिंथ न्हेतो म्हणालं. काचंच्या कपाटात ठेवणार, खाली आबांचं नाव लिवणार. फकस्त पॅनेल स्वच्छ पायजे. त्येच्यावरचं ते हळदी-कुंकवाचं डाग निघत्यात न्हवं? तू त्यातली हायस." मी हो म्हणाले. आपल्या बापाचं नाव काचेत, चांगल्या अक्षरात. कुणाला नको असतं? रविवारी चार वाजता पाहुणे येणार होते.

मी त्यातली आहे, हे मात्र खरं. कोल्हापूरला राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे, खाली अकरावी-बारावीचा क्लास. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं काढली, त्यामुळं सोल्डरिंग माझ्या डाव्या हातचा मळ. पन्नाशी उलटल्यावर मी मॉड्युलर सिंथ जमवायला लागले. म्हणजे लाकडी चौकटीत ओळीनं बसवलेले छोटे छोटे पत्रे. एक सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला झुलवतो, आणि त्यांना एकमेकांशी जोडायला रंगीत वायरी. वायर जोडाल तसा आवाज. नाही जोडली तर चिडीचूप. नातेवाईक येतात, डोळे फाडून बघतात आणि विचारतात, "ह्यातनं गाणं कधी येणार?" नाही येणार! मला गाणं नकोच आहे. मला तो आवाज हवा असतो जो सकाळी जगात नव्हता आणि वायरी उपसल्या की परत मिळणार नाही. "ह्या वयात असली खेळणी?" असंही विचारतात, आणि विचारणाऱ्यानं स्वतः साठाव्या वर्षी नवी कोरी मोटरसायकल घेतलेली असते.

खालच्या क्लासचे सर एकदा जिना चढून आले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, ती घरघर तेवढी परीक्षेपर्यंत बंद ठेवा." मी म्हटलं, "सर, तुमच्या पोरांचं पाठांतर मी जूनपासून ऐकतोय. मी कधी खाली आलतो का?" आमच्या कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी आलतो, मी गेलतो. परगावच्या माणसाला ते चुकल्यासारखं वाटतं. वाटू दे.

पण ही सगळी वायरींची भानगड सुरू झाली ती ह्या मागच्या खोलीतल्या यंत्रापासून. जपानी, काळं, पेटीपेक्षा हातभर लांब. खाली तीन सप्तकांच्या पट्ट्या, वर अठरा नॉब. आबा ऊस लावायचे आणि जत्रांच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ऑर्केस्ट्राच्या मालकानं मुंबईहून कुणाचं तरी वापरलेलं हे यंत्र आणलं, वाजवायला आबांकडं दिलं आणि ऑर्केस्ट्रा मोडल्यावर ते आमच्याकडंच राहिलं. कसं राहिलं, का मोडला, ते मोठ्यांचं बोलणं होतं. मला आठवतो तो वास. तापलेल्या धुळीचा, गरम प्लॅस्टिकचा आणि घोंगडीच्या लोकरीचा.

घोंगडीचं असं, की थंडीत ते यंत्र सुरात यायला तासभर घ्यायचं. पौषातल्या जत्रांना आबा दिवस मावळायच्या आधीच ते चालू करत, त्यावर काळी घोंगडी पांघरत आणि आम्हाला बजावत, "तापू दे. गडबड न्हाय करायची." मी आणि संभा घोंगडीखाली हात घालून बसायचो. आत ऊब असायची, खुडूक कोंबडीच्या पोटाखाली असते तशी. स्टेजमागं भज्यांचा घाणा, जनरेटरचा धूर, माइकवर कुणाचं तरी "हॅलो, हॅलो, चेक". आबा अधूनमधून घोंगडीत हात घालून एक पट्टी दाबायचे, कान लावायचे आणि मान हलवायचे. अजून न्हाय. अजून न्हाय. मग एकदम घोंगडी उचलायचे. ती उचलल्यावर जो पहिला सूर यायचा, त्यासाठी मी आजही काहीही द्यायला तयार आहे.

गुऱ्हाळं लागली की आबांच्या हातांना काकवीचा वास यायचा. हात धुतल्याशिवाय ते पट्ट्यांना शिवत नसत, तरी वरच्या सा ची पट्टी कायम चिकट. आज दाबून पाहिली. अजून चिकट आहे. आणि तो गुलाल चैत्रातला. जोतिबाच्या पायथ्याशी एका गावात संध्याकाळचा कार्यक्रम होता. सासनकाठ्या वर गेलेल्या, सगळा रस्ता गुलाबी, आणि आम्ही उघड्या टेम्पोत. माडीवरच्या पोरांनी "चांगभलं!" म्हणून पाटीभर गुलाल ओतला, तसे आबा यंत्रावर आडवे पडले. स्वतः डोक्यापासून पायांपर्यंत रंगले, दातसुद्धा गुलाबी. "मशीन वाचलं!" म्हणून हसत होते. कुठलं वाचतंय!

त्या यंत्राला आठवण नव्हती. आता बटण दाबलं की सनई येते, दुसरं दाबलं की बासरी येते, तसलं काही तिथं नव्हतं. अठराच्या अठरा नॉब नेमक्या जागी फिरवायचे, तेव्हा कुठं सनई उभी राहायची. एक जरी केसभर हलला तरी सनईची पुंगी झालीच. आबांना सनई जुळवायला अर्धा तास लागायचा आणि तोवर कपाळावर आठी. म्हणून घरात कायदा होता, की यंत्राला कुणी हात लावायचा नाही. आईनं धूळ झटकायची तीसुद्धा फडक्याच्या टोकानं, लांबून.

तरी नॉब हलायचे! आबा रानातून यायचे, चहा प्यायचे, पट्टी दाबायचे आणि सनईच्या जागी भलतंच काहीतरी हंबरायचं. "कुणी हात लावला? खरं सांगा!" मला वाटायचं संभानं, संभाला वाटायचं मी. धपाटे मात्र दोघांच्याही पाठीत. आई चुलीपुढं भाकरी थापत असायची, तिचा हात काही थांबायचा नाही. आम्ही दोघं पन्नाशी ओलांडली तरी ते भांडण मिटलं नव्हतं. मागच्या दिवाळीत सगळ्यांसमोर संभा म्हणाला, "अक्कापायी मी लई मार खाल्लाय." मी म्हटलं, "मर्दा, तुझ्यापायी मी खाल्लाय." आई चिवडा चाळत होती. तेव्हाही तिचा हात थांबला नाही.

मग एका खंडेनवमीला कुंकू लागलं. आमच्याकडं त्या दिवशी पोटाला घालणारं प्रत्येक हत्यार पुजतात. अंगणात विळे, खुरपी, नांगराचा फाळ, औषध मारायचा पंप, आणि कडेला पाटावर सिंथ. आबांनी दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्याच्या कार्यक्रमासाठी सनई जुळवून ठेवली होती. आईनं झेंडू वाहिला, ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि प्रत्येक नॉबची पांढरी खूण जिथं टेकली होती, बरोब्बर तिथं पत्र्यावर एकेक ठिपका दिला. आबा आंघोळ करून आले आणि ओरडले, "अगं काय केलंस ह्ये! मशीन हाय का म्हसोबा हाय?" पुसायला गेले, तर कुंकू तेलात कालवलेलं, निघता निघेना. पण पुढच्या आठवड्यात नॉब परत हलले तेव्हा आबांनी एकेक नॉब गपचूप कुंकवावर आणून ठेवला. कपातला चहा निवायच्या आत सनई तयार. आबा पट्टी दाबून बघतच राहिले. "आयला! चुकून का हुईना, पर झ्याक काम केलंय बायकूनं."

गावभर सांगत सुटले. ऑर्केस्ट्रात त्या आवाजाला कुंकवाची सनई असं नाव पडलं आणि आमचे धपाटे बंद झाले. त्यानंतर दर खंडेनवमीला आईनं त्या पॅनेलला हळद-कुंकू लावायचं, हे ठरूनच गेलं. आबांना जाऊन अकरा वर्षं झाली. यंत्र बंद पडून त्याहून जास्त. आईचे गुडघे गेले. तरी खंडेनवमी आली की मागच्या खोलीत जाऊन, स्टुलावर बसून, चष्मा लावून ती ठिपके देतेच.

आता नावांचं सांगते. पुस्तकात ज्याला फिल्टरचा कटऑफ म्हणतात, त्याला आमच्या घरात झाकण म्हणत. उघडलं की आवाज उजळ होतो, मिटलं की दबतो, म्हणून झाकण. ज्यानं आवाजाला टोक येतं आणि तो कानात शिरायला बघतो, ती शिट्टी. पट्टी सोडल्यावर आवाज मागं किती रेंगाळणार हे ठरवणारं, ते शेपूट. मी मोठेपणी इंटरनेटवर इंग्रजी नावं वाचली तेव्हा मला नवं काही शिकावं लागलं नाही. फक्त झाकणाला ते लोक काय म्हणतात एवढंच पाठ केलं. माझी मॉड्युलची चौकट आजही ह्याच नावांनी चालते, चिकटपट्टीवर लिहून लावली आहेत. ही नावं आबांनी ठेवली असणार, असं मी धरूनच चालले होते. खरं तर आबा नॉबना नंबरानं हाक मारायचे. सातवा, अकरावा, पंधरावा. हे मला चाळीस वर्षांत एकदाही कसं खटकलं नाही, देव जाणे.

तर रविवारी सकाळी मी छोटा अँप्लिफायर, मीटर, सोल्डरिंगची कांडी आणि स्पिरिटची बाटली घेऊन गडमुडशिंगीला पोचले. पुसायला आले होते खरी, पण बंद यंत्र काचेत पाठवायचं माझ्या जिवावर आलं. निदान एकदा बोलून जाऊ दे, म्हटलं. गुलाल एका कागदात बांधून ठेवला, फेकला नाही. वीजपुरवठ्यातले दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. मग जुन्या सवयीनं चालू करून वर माझी शाल पांघरली आणि तासभर गप्प बसले. शाल उचलली, नॉब एकेक करून कुंकवावर आणले आणि पट्टी दाबली.

सनई! थोडी घसा बसलेली, पण तीच. संभा गोठ्यातून वैरण अर्धी टाकून पळत आला आणि दारातच उभा राहिला. डोळ्यांत पाणी. "आबा आलं की गं," एवढंच म्हणाला. सोप्यात आई शेंगा फोडत बसली होती, ती मात्र आली नाही. शेंगांचा कट्, कट् असा आवाज चालूच राहिला. मला जरा रागच आला. म्हटलं, नवऱ्याची सनई इतक्या वर्षांनी वाजली आणि ह्या बाईला शेंगा सुचतायत.

संभा परत गोठ्यात गेला. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. कुंकवापासून सुरुवात करायला मन होईना, म्हणून हळदीपासून केली. सगळ्यात मोठा ठिपका झाकणापाशी होता, वर्षानुवर्षं थरावर थर चढून जाड झालेला. दोनदा कापूस फिरवला आणि गेला. खाली काळाभोर, चकचकीत पत्रा निघाला. मला बरं वाटलं, हे कबूल करते. काम जमतंय म्हटल्यावर बरं वाटतंच. मग शिट्टीकडं वळले आणि हात थांबला.

हळद आणि कुंकू आपण जोडीनं लावतो. आधी हळद, तिला लागून कुंकू. इथं तसं नव्हतं. शिट्टीला कुंकू डावीकडं आणि हळद पार उजवीकडं. शेपटीला कुंकू खाली, हळद वर. सगळ्या नॉबना कुंकू एका जागी, हळद भलत्याच जागी, आणि तीही तितकीच नेमकी, एवढा एवढा बारीक ठिपका. इतक्या वर्षांत कुणाच्या नजरेत आलं नाही, कारण पूजेकडं असं कोण बघतं? हात जोडायचे आणि खोबरं खायचं. मी कापूस बाजूला ठेवला आणि एकेक नॉब कुंकवावरून काढून हळदीवर फिरवत गेले. सतरा झाले. झाकणाची हळद माझ्या हातातल्या कापसावर होती, म्हणून ते तसंच राहिलं. पट्टी दाबली. काहीतरी होतं आत, खोल, दबलेलं.

शेंगांचा आवाज थांबला.

"झाकण उघड की गं!" आई सोप्यातून ओरडली. "दबलाय त्यो."

मी झाकणाला हात घातला. "कुठवर उघडू?"

"हळद हाय की तितं!"

"पुसली मी," मी म्हणाले.

आई भिंतीला धरत आत आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून एरवी जागची हलत नाही. तिनं पॅनेल बघितलं, मग माझ्या हातातला पिवळा कापूस बघितला. "कुणाला इचारून पुसलीस?"

"अगं, संभा म्हणाला डाग आहेत..."

"डाग? माझ्या आवाजाला डाग म्हणतीस? वीस वर्सं शाळंत गेलीस, पंचवीस वर्सं नोकरी केलीस, आणि आईच्या हातची खूण वळखाया आली न्हाय तुला?" असं म्हणून ती स्टुलावर बसली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. एवढा उपद्व्याप करून, राजारामपुरीत वायरींचं जंगल उभं करून, मी नेमका तोच एक ठिपका पुसला होता ज्याच्याशिवाय बाकीचे सतरा मुके होते.

"तू वाजवायचीस?" मी विचारलं.

"मग काय! तुमी दोघं शाळंत, ह्ये रानात. दुपारचं गिरणवालाबी निजायचा. त्येची गिरण बंद असली का लाईट चांगली असायची. मी बसलतो की हितं, रोज. भांडी झाली का तासभर." ती अगदी साधं बोलत होती, पापड लाटायला बसल्याचं सांगावं तसं. "चारला गिरण सुरू झाली का सूर खाली यायचा. मग उठायचं, चुलीकडं जायाचं."

"म्हणजे नॉब तू हलवायचीस! आणि मार आम्ही खाल्ला?"

"तुमचा मार बघवंना, म्हणून तर कुंकू लावलं." आईनं माझ्याकडं असं बघितलं, की हेही सांगायला लागतं का. "त्यांचा आवाज कुंकवावर. ह्ये आलं का लगेच गावतोय. माझा हळदीवर. कुणाचं कुणाला आडवं येत न्हाय. त्येनला वाटलं चुकून झालं. वाटू दिलं."

"आबांना कधी कळलं नाही?"

"काय म्हाईत. एकदा रानातनं येताच म्हणालं, आज हळदीला उजेड लई चढलाय गं. मी भाकरी वाढली."

"मग आम्हाला तरी सांगायचंस की!"

"कवा इचारलासा?" आई म्हणाली. झाकण, शिट्टी, शेपूट ही नावं कुणी ठेवली, हे आता विचारायचीही गरज नव्हती. स्वयंपाकघरात उभं राहून ठेवलेली नावं होती ती, कुणालाही दिसली असती. मी आबांच्या नावावर लिहून मोकळी झाले होते. आवाजाची आवड मला बापाकडून आली, असं मी जगाला सांगत फिरले होते. राग आला मला, माझा, आबांचा, सगळ्यांचाच. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की पदर धरून तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

आईनं उजव्या हातानं पट्टी दाबून धरली. डाव्या हाताची दोन बोटं झाकणावर ठेवली आणि डोळे मिटून हळूहळू उघडत गेली. जरा जास्त झालं, मागं घेतलं. परत जरा पुढं. मग बोटं थांबली. "ह्यो," ती म्हणाली.

तो आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. खालून यायचा, वर येता येता रुंद व्हायचा, आणि पट्टी सोडली तरी लगेच जायचा नाही, खोलीत फिरून मगच जायचा. मी आयुष्यात पुष्कळ आवाज काढले. पण हा एकटीनं, दुपारच्या एकेका तासात, एकही पुस्तक न वाचता, कुणी बघत नसताना जुळवलेला होता. मी खाली जमिनीवर बसून राहिले.

बरोब्बर पावणेचारला पुण्याचे पाहुणे आले. भला माणूस होता, खोटं कशाला बोलू? चपला बाहेर काढल्या, आईला वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले. संभा त्यांच्या मागं उभा, काहीच ठाऊक नसलेला. पाहुणे पॅनेलवर वाकले. "वा! हा एवढा भाग किती छान निघालाय, ताई. बाकीचंही असंच निघेल ना? कारखान्यातून आलं तसं दिसायला हवं."

"बाकीचं निघणार नाही," मी म्हणाले. "आणि हे निघालं, ती माझी चूक झाली."

त्यांना कळेना. आई तोवर वाजवतच होती, एकेक पट्टी, सावकाश. पाहुण्यांनी कान दिला. जाणकार असावेत, चेहरा बदलला. "आजी, हा कशाचा आवाज?"

"कशाचा न्हाय."

"म्हणजे, कशासारखा लावलाय?"

"कशासारखाबी न्हाय, पावणं. सनई सनईसारखी असती, पुंगी पुंगीसारखी. ह्यो ह्याच्यासारखा हाय."

तेवढ्यात चार वाजले असावेत, कारण पलीकडं गिरण सुरू झाली. बापाची गिरण आता पोरगा चालवतो, वेळ तीच. पट्ट्याचा फटफट आवाज आला, खोलीतला बल्ब किंचित मंद झाला आणि आईचा सूर खाली घसरला. मी दोन कपॅसिटर बदलले होते, तरी ती खोड गेली नव्हती. मी उठणार तोच आईचा डावा हात, न बघता, सुराच्या नॉबवर गेला आणि त्यानं घसरलेला सूर पुरता वर आणून ठेवला. केसभरही चुकला नाही. डोळे पाहुण्यांकडंच होते. "बसा की," ती त्यांना म्हणत होती. "च्या टाकतीया सून."

संभानं ते पाहिलं. "अक्का," तो हळूच म्हणाला, "म्हंजे तू न्हवतीस?"

"आणि तूही नव्हतास," मी म्हणाले.

मी पाहुण्यांना हळदीचं आणि कुंकवाचं दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी हातमोजे काढले. "असं करू," ते म्हणाले, "खाली आईंचं नाव लिहू. ठिपक्यांसकट ठेवू. हे तर जास्तच मोलाचं आहे." मनापासून म्हणत होते. मी आईकडं बघितलं. क्षणभर मलाच मोह झाला, खरं सांगते. आबांऐवजी तिचं नाव, काचेत, चांगल्या अक्षरात. तिचं नाव आजवर रेशनकार्डाशिवाय कुठं आलंय?

"काचंत ठेवल्यावर वाजवायचं कुणी?" आईनं विचारलं.

"वाजवता नाही येणार, आजी. जपायला हवं ना."

"मग न्हाय," आई म्हणाली. "इतकी वर्सं लपून वाजीवलं. ते बंद पडल्यावर नुसत्या खुणा राखल्या. आता कुठं समोर बसून वाजवाय गावलंय, आणि तुमी कपाटात घालतासा व्हय?"

संभा पुढं झाला. फोन करून शब्द दिलेला तो होता, त्यामुळं मला वाटलं हा आता मधेच काहीतरी गुळमुळीत बोलणार. पण नाही. "पावणं, माफ करा," तो म्हणाला. "शबुद दिलता, पर वस्तू माझी न्हवती. मला आत्ता कळलं. च्या घेऊन जावा." पाहुण्यांनी चहा घेतला, आणखी अर्धा तास ऐकत बसले, आणि निघताना आईनं त्यांच्या पिशवीत ओंजळभर शेंगा टाकल्या.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. डब्यातून हळद काढली, वाटीत घेतली, त्यात तेल घातलं. आई स्टुलावरून उठली नव्हती. झाकणावरची बोटं तिनं तशीच ठेवली होती, जागा हलू नये म्हणून. मी वाटी तिच्यापुढं धरली. तिनं बोट बुडवलं, वर उचलून बघितलं आणि वाटी माझ्याकडं परत सरकवली.

"घट्ट कालव," म्हणाली. "तुझ्या त्या बाटलीनं निघाय नको."